काकतीच्या लेकीचं नाव

पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणी, संकेश्वर, हत्तरगी मागे टाकत दक्षिणेकडे निघालं की बेळगाव शहराच्या अलीकडे काकती लागते. 1778 मध्ये इथल्या देसाई घराण्यात, धुळप्पा देसाई आणि पद्मावती यांच्या पोटी, एक मुलगी जन्मली. तिचं नाव चन्नम्मा. पुढे ती कित्तूरच्या देसाईंची राणी झाली आणि 1824 मध्ये तिने कंपनी सरकारच्या फौजेला पाणी पाजलं. हा इतिहास सीमाभागात शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे.

आज हे नाव बेळगावच्या मुख्य चौकाला आहे, 2010 मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला आहे, बंगळूरहून मिरजेकडे धावणाऱ्या रेल्वेगाडीला आहे. टपाल खात्याने 1977 मध्ये तिचं तिकीट काढलं. 11 सप्टेंबर 2007 रोजी संसदेच्या आवारात तिच्या पुतळ्याचं अनावरण झालं, तेही प्रतिभाताई पाटील या मराठी राष्ट्रपतींच्या हस्ते. एवढा मान मिळालेलं हे नाव आपल्या बारशांत मात्र ऐकू येत नाही. मराठी घरात ते कधी रुळलंच नाही आणि कानडी घरातही आता ते आजी-पणजीचं नाव झालं आहे. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर आधी ते नाव उलगडून पाहायला हवं.

कानडीत ‘चन्न’ किंवा ‘चेन्न’ म्हणजे सुंदर, देखणं, छान. बेळगावात राहणाऱ्या मराठी माणसाला हा शब्द शिकावा लागत नाही. ‘चन्नागिद्दीरा?’, म्हणजे ‘बरे आहात ना?’, ही विचारपूस बाजारात आणि बसस्टँडवर रोज कानी पडते. ‘अम्मा’ म्हणजे आई, आणि कोणत्याही बाईला मानाने हाक मारतानाचा शेवटही. चन्नम्मा म्हणजे देखणी, गुणाची माउली. उच्चारताना एक सांभाळावं. हा च चटणीतला नव्हे, चंद्रातला. पुण्या-मुंबईकडची मंडळी तिथेच चुकतात आणि नाव कानाला उगाच परकं वाटू लागतं.

या ‘चन्न’ला मोठी परंपरा आहे. बाराव्या शतकात अक्कमहादेवीने आपल्या वचनांत ज्या शिवाला आळवलं, त्याला ती चन्नमल्लिकार्जुन म्हणते. बसवेश्वरांचे भाचे, शरणांच्या तत्त्वज्ञानाची घडी बसवणारे, चन्नबसवण्णा. ‘चन्न’ केवळ शैवांचाही नव्हे. बेलूरचं होयसळांचं विष्णुमंदिर 1117 मधलं, आणि तिथला देव चन्नकेशव. ज्यांच्याकडून इंग्रजांनी 1639 मध्ये मद्रासची जमीन मिळवली, त्या नायकांच्या वडिलांचं नाव चेन्नप्पा, आणि चेन्नई हे नाव त्यांच्यावरूनच आल्याचं सहसा मानलं जातं. माजी पंतप्रधान देवेगौडा यांच्या पत्नीचं नावही चन्नम्माच. म्हणजे हे नाव फक्त लिंगायतांचं किंवा फक्त उत्तर कर्नाटकाचं, ही आपली समजूत खरी नाही. सोलापूर-अक्कलकोटकडे चन्नवीर, चन्नप्पा, चन्नबसप्पा ही पुरुषांची नावं महाराष्ट्राच्या मातीतही नांदली आहेत.

या नावाच्या जवळ जाणारं, अस्सल मराठी वाटणारं एक नाव आहे, चांगुणा. श्रीयाळ, चांगुणा आणि चिलया बाळ यांची कथा श्रीधरांनी 1718 मध्ये रचलेल्या शिवलीलामृतामुळे मराठी घरोघरी पोचली. ही कथा मूळची दक्षिणेतल्या शैवांची. तमिळमध्ये तिचा नायक सिरुत्तोंडर आणि कानडीत सिरियाळ शेट्टी. कानडी कथेतल्या त्याच्या बायकोचं नाव चंगळे, आणि तीच मराठीत आली ती चांगुणा होऊन. दक्षिणेकडचं नाव मराठीने एकदा इतकं आपलं केलं होतं की ते बाहेरचं आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही. चन्नम्माच्या बाबतीत तसं घडलं नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

कानडी नावं मराठी माणसाच्या जिभेला चालत नाहीत, हे कारण मात्र टिकत नाही. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यातल्या मराठी घरांत कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा, भरमाण्णा ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बायकांत यल्लव्वा होत्या, गंगव्वा होत्या. उत्तर कर्नाटकात ‘अम्मा’पेक्षा ‘अव्वा’ अधिक घरगुती, म्हणून चन्नम्माचीही कित्येक ठिकाणी चन्नव्वा होते. शेजारणीची गंगव्वा मराठी तोंडी गंगूबाई होई, आणि दोन्ही हाकांना ओ देणारी बाई एकच असे. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द तर आपण केव्हाच आपल्या नात्यांत मुरवून घेतले.

फरक आहे तो नाव कुठल्या वाटेने घरात येतं याचा. यल्लव्वा आली सौंदत्तीच्या डोंगरावरून. नवस बोलला, मूल झालं, देवीचं नाव ठेवलं. कोल्हापूर-निपाणीचे भक्त पौर्णिमेला सौंदत्तीची वाट धरत आले, आणि परतीच्या बैलगाडीत देवीचा जग आणि भंडारा यांच्यासोबत नावंही येत राहिली. चन्नम्मा नावाची अशी मोठी जत्रेची देवी नव्हती. हे नाव येई आजीकडून नातीकडे, एका घराण्याच्या आत. ज्या घरात चन्नम्मा आजी नाही, त्या घरात चन्नम्मा नात यायला वाटच नव्हती.

मराठी इतिहासलेखनाचीही एक सवय इथे आड आली. बैलहोंगलजवळच्या बेळवडीची मल्लम्मा शिवाजी महाराजांच्या सैन्याशी लढली. कानडी परंपरा तिला मल्लम्मा म्हणते, तर मराठी परंपरेत ती सावित्रीबाई देसाई आहे. बाई लक्षात राहिली, नाव आपण आपल्या सोयीचं करून घेतलं.

एका चन्नम्माचं ऋण मात्र मराठी मुलखावर फार मोठं आहे, आणि ती काकतीची नव्हे. ती केळदीची. सोमशेखर नायकाच्या मागे तिने 1670 च्या दशकापासून सुमारे पंचवीस वर्षं त्या राज्याचा कारभार केला. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेषांतर करून जिंजीकडे निघाले तेव्हा पाठीवर मोगल होते. त्या प्रवासात केळदीच्या, म्हणजे बिदनूरच्या मुलखात या राणीने त्यांना आसरा दिला आणि पुढची वाट मोकळी केली. औरंगजेबाने त्याबद्दल तिच्यावर फौज पाठवली, तरी ती बधली नाही. महाराज जिंजीला पोचले नसते तर स्वराज्याचं काय झालं असतं, या प्रश्नाजवळ थोडा वेळ थांबावं. मग त्या राणीचं नाव आपल्या एकाही लेकीला असू नये, हे खटकल्याशिवाय राहत नाही.

काकतीची चन्नम्मा तिच्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी जन्मली. कित्तूरचे मल्लसर्ज देसाई यांची ती धाकटी राणी, थोरल्या रुद्रम्मा. दुसऱ्या बाजीरावाने मल्लसर्जांना पुण्यात अडकवून ठेवलं होतं, हेही मराठी वाचकाने विसरू नये. 1816 मध्ये मल्लसर्ज गेले. रुद्रम्मांचा मुलगा शिवलिंगरुद्रसर्ज सप्टेंबर 1824 मध्ये निपुत्रिक वारला. त्याआधी शिवलिंगप्पा हा मुलगा दत्तक घेतला होता. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने ते दत्तक मानलं नाही आणि कित्तूरच्या खजिन्यावर पहारे बसवले. 23 ऑक्टोबर 1824 रोजी किल्ल्याच्या दारात लढाई झाली. थॅकरे ठार झाला. इलियट आणि स्टीव्हन्सन हे दोन अधिकारी राणीच्या ताब्यात सापडले. तिने त्यांना इजा केली नाही. डिसेंबरच्या आरंभी मोठी फौज आली आणि किल्ला पडला. राणी बैलहोंगलला कैदेत राहिली आणि फेब्रुवारी 1829 मध्ये तिथेच तिने देह ठेवला. झाशीचं दत्तक नाकारलं गेलं ते याच्या जवळजवळ तीस वर्षांनंतर.

जग तिला ‘कित्तूरची’ म्हणतं. सासरचं गाव नावाला जोडलं गेलं, माहेरचं गळलं. पण काकतीने दिलेलं नाव मात्र तिच्याकडे अखेरपर्यंत राहिलं. मणिकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली, चन्नम्मा चन्नम्माच राहिली. कित्तूर मुलखातल्या गावोगावच्या लावण्यांतून, गी-गी पदांतून हेच नाव गायलं गेलं. 1961 मध्ये बी. आर. पंतुलु यांनी कानडी चित्रपट काढला, त्यात सरोजादेवी राणी झाली. नाव कर्नाटकभर दुमदुमलं.

आणि इथेच त्याची पाळण्यापासून ताटातूट झाली, असं मला वाटतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेनंतर चन्नम्मा हे कन्नड अस्मितेचं नाव झालं. चौक, पुतळा, जयंती, मिरवणूक. बेळगावच्या चन्नम्मा चौकात मोर्चे निघाले, घोषणा झाल्या, आणि सीमाप्रश्नाच्या तापलेल्या वर्षांत मराठी घरांना ते समोरच्या बाजूचं नाव वाटू लागलं. तिकडे कानडी घरांनाही पाटीवर लिहिलेलं एवढं भारदस्त नाव तान्ह्या पोरीला ठेवायचा धीर होईना. शिवाय शहरी कानाला ‘अम्मा’, ‘अव्वा’ जुनाट वाटू लागले, जसे आपल्याकडे ‘बाई’ आणि ‘आक्का’. दोन-अडीच अक्षरांच्या नावांची हौस दोन्ही भाषांना सारखीच लागली.

यात दोष एकट्या कुणाचा नाही. पण राणीला भाषेच्या एका बाजूला उभं करणं मला मान्य नाही. ज्या गावात ती जन्मली, त्या गावात तेव्हाही दोन्ही भाषा बोलल्या जात होत्या आणि आजही जातात.

तेव्हा काकती, होनगा, कडोलीपासून निपाणीपर्यंतच्या मराठी वाचकांना एक विनंती. घरात पुढचं बारसं ठरेल आणि नावांची यादी निघेल, तेव्हा त्या यादीत चन्नम्मा हे नाव लिहा. ‘अम्मा’ लांब वाटत असेल तर पाळण्यात चन्ना म्हणा, पण शाळेच्या दाखल्यावर पूर्ण नाव घाला. आणि पोरगी मोठी होऊन विचारेल, तेव्हा तिला केळदीची आणि काकतीची, दोघींचीही गोष्ट सांगा.