गणित सोडायच्या आधी

दहावीचा निकाल लागला की माझ्या दुकानात मोटारींपेक्षा माणसं जास्त येतात. एरवी लिंबागणेशात माझी ओळख मोटार रिवाइंडिंगवाला एवढीच. बोअरमधली मोटार जळाली की लोक ती ट्रॅक्टरमध्ये टाकून आणतात आणि सोयाबीनला पाणी द्यायचं राहिलंय म्हणून घाई करतात. निकालानंतर मात्र बाप रिकाम्या हाताने येतो. बाकड्यावर बसतो, पाऊसपाण्याचं बोलतो, चहा होतो आणि मग विचारतो, "मिस्त्री, पोरानं आता कोणती साइड घ्यावी?"

मला विचारायचं कारण सरळ आहे. मी बीडला आधी आयटीआय केला, मग डिप्लोमा केला, आणि तरीही गावात येऊन दुकान टाकलं. शिवाय क्लासवाल्यासारखी माझी कुठली बॅच भरायची नसते. तार गुंडाळता गुंडाळता सांगतो, पटलं तर घ्या.

माझं सांगणं गणितापासून सुरू होतं आणि बापाला तेच आवडत नाही. कारण बहुतेक पोरांना गणितातच कमी पडलेले असतात आणि घरात आधीच ठरलेलं असतं की आता गणित नसलेलं काहीतरी बघायचं. तेवढ्यासाठी मी समोर उघडी पडलेली मोटार दाखवतो. पाच एचपीची, थ्री फेज, दोन पोलची. आतल्या लोखंडी गोलाला चोवीस खाचा आहेत, आम्ही त्यांना स्लॉट म्हणतो. पूर्ण गोल ३६० अंशांचा, म्हणजे दोन स्लॉटांमध्ये १५ अंश. तिन्ही फेज एकमेकींपासून १२० अंशांवर सुरू झाल्या पाहिजेत, म्हणजे आठ-आठ स्लॉटांच्या अंतराने. पहिली फेज एक नंबरच्या स्लॉटातून सुरू झाली तर दुसरी नऊमधून आणि तिसरी सतरामधून. पोराला विचारतो, हे कळलं का? कळलेलं असतं. मग सांगतो, हे गणितच आहे बाबा, पेपरात याला अवघड म्हणतात.

दुसरं उदाहरण तारेचं. मोटारीत एक मिलिमीटर जाडीची तार होती आणि माझ्याकडे ती संपलीय. मग दोन बारीक तारा जोडीने घालता येतात. पण कोणत्या? नवीन पोरगा हमखास म्हणतो, अर्ध्या मिलिमीटरच्या दोन. अर्धा आणि अर्धा एक. इथे वर्तुळाचं क्षेत्रफळ आठवावं लागतं. तारेतून जाणारा करंट तिच्या जाडीवर नाही, कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. अर्ध्याचा वर्ग पाव. दोन तारा मिळून तांबं निम्मंच भरलं, मोटार पहिल्याच उन्हाळ्यात जाणार. ०.७ च्या दोन घातल्या तर ०.४९ आणि ०.४९, म्हणजे ०.९८. काम झालं. हे सूत्र शाळेतच पाठ झालेलं असतं, आणि दहावीच्या विज्ञानातला 'विद्युतधारेचे परिणाम' हा धडा तर जवळजवळ माझ्या दुकानावरच लिहिलेला आहे. तार का तापते, मोटार का फिरते, सगळं त्यात आहे.

तेव्हा मी कोणता विषय सोपा हे बघत नाही. पुढच्या दारावर कोणत्या विषयाची पाटी लावलीय ते बघतो आणि तिथून मागे येतो.

सगळ्यात जवळचं दार आयटीआयचं. लोकांना वाटतं तिथे काही लागत नाही, नापास पोरांची सोय आहे. तसं नाही. वेल्डर आणि वायरमन हे ट्रेड आठवी पासवर मिळतात. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, वायरमनचा दोन. पण इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट यांना दहावी पास लागते, तीही विज्ञान आणि गणित हे विषय असलेली. राज्य मंडळाच्या शाळेत हे दोन्ही विषय सगळ्यांना असतातच, त्यामुळे प्रश्न विषय घेण्याचा नसून त्यात पास होण्याचा असतो. पस्तीसवर सुटलेला पोरगासुद्धा इलेक्ट्रिशियनला बसू शकतो. नंबर लागेल का, ते त्या वर्षीच्या यादीवर. दोन वर्षांचा आयटीआय झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हे मात्र दहातल्या नऊ बापांना माहीत नसतं. मी त्याच वाटेने गेलो.

डिप्लोमा म्हणजे पॉलिटेक्निक. बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीला किमान पस्तीस टक्के हवेत आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. सीईटी नाही, नीट नाही. तीन वर्षांनी पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा होतो आणि हातात काहीतरी असतं. पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, तोही डिप्लोमाच्या गुणांवर. माझ्या मते, ज्या घरात पोरगं पाच-सहा वर्षं बसून शिकेल याची खात्री नाही, आणि आमच्या भागातली निम्मी घरं अशी आहेत, तिथे डिप्लोमा हीच शहाणपणाची निवड. मध्येच थांबावं लागलं तरी माणूस रिकामा राहत नाही. बारावी सायन्सवर थांबलेल्या पोराला कोण काय काम देणार?

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कोणी सांगत नाही. डिप्लोमा करून पदवीच्या दुसऱ्या वर्षात गेलेल्या पोरांचे गणितात हाल होतात. बरोबरची पोरं बारावीचं कॅल्क्युलस आणि पहिल्या वर्षाचं गणित करून आलेली असतात. 'एम-थ्री' या नावाने ओळखला जाणारा पेपर कितीतरी डिप्लोमावाल्यांचा राहतो. म्हणजे दहावीनंतर गणितापासून पळून डिप्लोमाला गेलात तरी ते दोन-तीन वर्षांनी कॉलेजच्या दारात उभं असतंच.

तिसरी वाट अकरावी सायन्सची, आणि विषयांची खरी गंमत तिथे आहे. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी चारही घ्यायचे की बायोलॉजी सोडायची, की मॅथ्स सोडायचं? राज्यात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स सक्तीचे आहेत. तिसरा विषय केमिस्ट्री किंवा नियमात दिलेल्या इतर विषयांपैकी एखादा चालतो आणि या तिन्हींत मिळून पंचेचाळीस टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला चाळीस. हे वाचून एखादा हुशार माणूस केमिस्ट्री सोडायचा विचार करतो. नियमात पर्याय आहे, पण एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटात केमिस्ट्रीचे पन्नास प्रश्न आहेत, ते कोण सोडवणार? त्या परीक्षेत मॅथ्सच्या पन्नास प्रश्नांना प्रत्येकी दोन गुण आणि फिजिक्स-केमिस्ट्रीच्या प्रश्नांना एकेक. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या मॅथ्सचे. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत. साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, म्हणून अकरावी हे विश्रांतीचं वर्ष समजणारी पोरं तिथेच मागे पडतात.

आता बायफोकलचं प्रकरण. काही ज्युनिअर कॉलेजांत दुसरी भाषा आणि बायोलॉजी या दोन विषयांऐवजी दोनशे गुणांचा एकच व्यावसायिक विषय घेता येतो. इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स असे विषय त्यात आहेत. क्रॉप सायन्स आणि डेअरीही आहेत. मराठवाड्यात क्रॉप सायन्सला मोठी पसंती आहे. शेतीची आवड हे त्याचं कारण असतं तर मला आनंदच झाला असता. गुण चांगले पडतात हे खरं कारण. त्यात वाईट काही नाही. बोर्डाच्या टक्क्यांना मदत होते आणि सीईटीच्या अभ्यासाला वेळ मिळतो. पण इंजिनिअरिंगची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, बारावीचे टक्के फक्त पात्रतेपुरते. नव्वद टक्के मिळवून देणारा विषय तिथे काही कामाचा नाही. ज्याला खरंच इलेक्ट्रिकलकडे जायचंय आणि ज्याच्या कॉलेजात तो विषय आहे, त्याने इलेक्ट्रिकल मेंटेनन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं असं माझं मत. दोन वर्षं टेस्टर हातात राहील. आणि बायोलॉजी सोडतोय म्हणजे डॉक्टरकी डोक्यातून काढलीय, हे घरच्यांनी सही करताना समजून घ्यावं. बारावीच्या दिवाळीत "नीटपण देऊन बघ" म्हणू नये.

२०२१ साली एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या पुस्तिकेवरून बराच गोंधळ झाला होता. चौदा विषयांची यादी आली, त्यातले कोणतेही तीन असले तरी इंजिनिअरिंगला चालेल अशी बातमी पसरली. बारावीला गणित नको, असा अर्थ गावोगाव पोचला. नंतर खुलासे झाले आणि आपल्या राज्यात मॅथ्स-फिजिक्स जिथल्या तिथे राहिले. पण अजूनही कोणीतरी मोबाइलवर ती जुनी बातमी दाखवतोच.

गणित सुटण्याचं आमच्याकडचं कारण मात्र वेगळंच आहे, आणि ते पोराच्या डोक्यात नसतं. बीड जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहात, काही आई-बापाच्या कोयत्याबरोबर जातात. इतिहासाचा धडा चुकला तर पुढचा धडा वाचता येतो. गणितात वर्गसमीकरणं चुकली की पुढचं अडतं, समरूपता चुकली की त्रिकोणमिती डोक्यावरून जाते. तीन-चार वर्षं असे महिने गळाले की दहावीत सर म्हणतात, याला गणित जमत नाही. त्याला गणित भेटलेलंच नाही. अशा पोराला मी सांगतो, जूनमध्ये कुठेही प्रवेश घे, पण आठवी-नववीची गणिताची पुस्तकं आण आणि सुरुवातीपासून कर. लाज कसली?

मुलींचं निराळं. गेल्या उन्हाळ्यात एक बाई लेकीला घेऊन आल्या. मुलीला गणितात चांगले गुण होते, घरातला मिक्सर तिनेच उघडून दुरुस्त केलेला. तरी ठरलं होतं आर्ट्स, कारण गावाजवळ तेच आहे आणि "इंजिनिअरिंगला पैसा कोण लावणार?" त्यांना सांगितलं की २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक पदवीची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार पूर्ण भरतं, अनुसूचित जाती-जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. प्रवेश सरकारी कॅप फेरीतून झालेला असावा लागतो. राहण्या-खाण्याचा खर्च उरतोच, तो लहान नाही. पण फीच्या भीतीने विषय बदलायचं कारण गेलं. बाई म्हणाल्या, "आण्णा, हे आधी कुणी सांगितलंच नाही."

इंग्रजीची भीतीही अशीच फुगलेली आहे. २०२१ पासून पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये कॉम्प्युटरची पदवी मराठीतून शिकायची सोय झाली. तरी मोटारीची नेमप्लेट आणि सोलर पंपाच्या कंट्रोलरवर येणारा एरर कोड इंग्रजीतच असतो. एवढं वाचण्यापुरतं इंग्रजी हवंच, भाषण द्यायचं नाहीये.

माझी शाळेबद्दलची खरी तक्रार दुसरीच आहे. विषय निवडायची वेळ येईपर्यंत पोराने पाना-पक्कड धरलेलीच नसते, मग आवड कळणार कशी? पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातून बाहेर पडलेला हा शास्त्रज्ञ मुद्दाम कोरडवाहू गावात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या पोरांनी वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती, स्वयंपाक हे सगळं हाताने करत शिकायचं, आणि काम खरं, गावाच्या उपयोगाचं. त्यातून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार झाला आणि राज्यातल्या बऱ्याच शाळांत पोचला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीची 'फॅब लॅब' ही कार्यशाळा पाबळला आली, अमेरिकेबाहेरच्या पहिल्या लॅबपैकी ती एक. तुमच्या शाळेत असा विषय असेल तर पोराला आठवीतच बसवा. नसेल तर सुट्टीत कुठल्याही गॅरेजवर, गिरणीवर, रिवाइंडिंगच्या दुकानात पाठवा. महिनाभरात कळतं, ग्रीस लागलेले हात त्याला आवडतात की नाही.

कारण काम आता दारापर्यंत आलंय. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरतायत. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो आणि शेतात पॅनेल लागतं. माझ्याकडे येणाऱ्या मोटारी हळूहळू बदलतायत. नुसती तार भरून भागत नाही, कंट्रोलरमधलं इलेक्ट्रॉनिक्स बघावं लागतं. हे मला शिकवलेलं नव्हतं, आता रात्री बसून शिकतोय.

सध्या दुकानात दहावी झालेला एक पोरगा आहे. गणितात जेमतेम, पण स्लॉट मोजण्यात माझ्यापेक्षा चपळ. त्याच्या आईला अकरावी सायन्स हवंय, त्याला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. दोन्हीकडे अर्ज भरलेत. यादी लागेपर्यंत तो कॉइल गुंडाळतोय. मजुरी कॉइलमागे ठरलीय आणि रोजचा हिशेब त्यानेच लिहायचा, तांब्याच्या वजनासकट.