माशांच्या टाकीचा हीटर: वायफाय कंट्रोलर घ्यावा की साधा?

माशांच्या टाकीतला काचेचा हीटर म्हणजे तसं साधं उपकरण. नळीच्या आत तारेचं वेटोळं, त्याला जोडलेला थर्मोस्टॅट आणि वर तापमान ठरवायची खुंटी. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो, गार झालं की पुन्हा जोडतो. पण दर वेळी वीज जुळता-तुटताना बारीक ठिणगी पडते. कालांतराने आतली धातूची टोकं एकमेकांना चिकटू शकतात. मग हीटर बंदच होत नाही आणि पाणी तापत राहतं.

या धोक्यावर उपाय म्हणून अनेक जण हीटरला बाहेरून वेगळा तापमान कंट्रोलर लावतात. तो साधा मिळतो आणि मोबाइलशी जोडला जाणारा वायफायवालाही मिळतो. दोन्हींत नेमका फरक काय?

कंट्रोलर काय करतो?

कंट्रोलरची पेटी भिंतीवरच्या सॉकेटला जोडायची आणि हीटर त्या पेटीत. पेटीतून निघालेल्या वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर असतो. तो पाण्यात सोडायचा. पाणी ठरवलेल्या अंशाला पोचलं की पेटीतला रिले हीटरची वीज तोडतो.

मुख्य काम इथेच संपतं आणि ते साधा व वायफाय कंट्रोलर सारखंच करतात. दोन्हींत प्रोब असतो, दोन्हींत बहुधा त्याच जातीचा रिले असतो. वायफाय असल्यामुळे पाण्याचं तापमान जास्त अचूक राहतं, असं नाही.

वायफायमुळे वेगळं काय मिळतं?

वायफाय कंट्रोलर बातमी पोचवतो. तापमान ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेलं की मोबाइलवर सूचना येते. साध्या कंट्रोलरमध्येही अनेकदा बझर असतो, पण तो घरात असलेल्यालाच ऐकू येतो. शिवाय वायफायवाल्यात दिवसभराच्या तापमानाचा आलेख दिसतो. रात्री पाणी किती गार होतं, हीटर कमी पडतोय का, हे त्यावरून कळतं.

पण बातमीचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ती मिळाल्यावर कोणी काही करू शकतं. हे एका हिशोबावरून स्पष्ट होईल. १०० लिटर पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.१२ युनिट वीज लागते. १०० वॅटच्या हीटरला त्यासाठी सुमारे ७० मिनिटं लागतात, ३०० वॅटच्या हीटरला फक्त २३. समजा, पाणी २६ अंशांवर असताना हीटर चालू अवस्थेत अडकला. ३०० वॅटचा हीटर अडीच तासांच्या आत ते ३२ अंशांवर नेऊ शकतो. १०० वॅटच्या हीटरला किमान सात तास लागतील. प्रत्यक्षात थोडी उष्णता काचेतून आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून निघून जाते, त्यामुळे वेळ आणखी वाढतो.

पाणी तापलं की त्यात प्राणवायूही कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकताना दिसतात.

म्हणजे ठाण्यात टाकी आणि चर्चगेटला ऑफिस असेल, तर ३०० वॅटच्या हीटरबाबत आलेली सूचना घरी पोचेपर्यंत उशिराची ठरू शकते. शेजारी किल्ली ठेवलेली असेल, तर तीच सूचना मासे वाचवते.

वायफाय कुठे कमी पडतं?

पहिली गोष्ट, वीज गेली की कंट्रोलर, हीटर आणि बहुतेक घरांत राउटरही बंद होतो. सूचना पाठवणारंच कोणी उरत नाही. राउटर इन्व्हर्टरवर असला तरी कंट्रोलर नसेल, तर अ‍ॅपमध्ये तो नुसता ऑफलाइन दिसतो. त्याची सूचना येते का, हे आधी तपासायला हवं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कंट्रोलरचा स्वतःचा रिले चिकटला, तर अ‍ॅपमधून बंदचं बटण दाबूनही हीटर चालूच राहतो, कारण अ‍ॅप त्याच रिलेला हुकूम देत असतं.

तिसरी, प्रोब पाण्याबाहेर आला तर दोन्ही प्रकार सारखेच फसतात. सक्शन कप सुटून प्रोब बाहेर लटकला की तो हवेचं तापमान मोजतो. हिवाळ्यात हवा गार, म्हणून कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. अ‍ॅपमध्येही हवेचंच तापमान दिसतं. म्हणून प्रोब दोन ठिकाणी पक्का करावा आणि पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा.

प्रोब नसलेला स्मार्ट प्लग हा कंट्रोलर नव्हे. तो वेळेनुसार वीज चालू-बंद करतो, पाणी किती तापलंय हे त्याला कळत नाही.

मग खरी सुरक्षा कशात?

एकामागे एक दोन कुलुपं लावण्यात. हीटरची खुंटी कंट्रोलरपेक्षा एक-दोन अंश वर ठेवायची. कंट्रोलर २६ वर असेल, तर हीटर २७ किंवा २८ वर. रोजचं काम कंट्रोलर करतो. त्याचा रिले चिकटला, तर हीटरचा थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि थर्मोस्टॅट बिघडला, तर कंट्रोलर. खुंटी पूर्ण वर फिरवून ठेवली, तर दुसरं कुलूप उघडंच राहतं.

हीटर गरजेपुरताच घ्यावा. लिटरमागे एक वॅट साधारण पुरतो. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान लावले, तर एक चालू राहिला तरी पाणी सावकाश तापतं आणि एक बंद पडला तरी पाणी एकदम गार होत नाही.

चालू आणि बंद होण्याच्या तापमानात अर्धा ते एक अंश फरक ठेवावा. रिले बहुधा पूर्ण भारावर एक लाख वेळा चालू-बंद होईल, अशा हिशोबाने बनवलेला असतो. दर १५ मिनिटांनी एकदा चालू-बंद झाला, तर हा आकडा तीन वर्षांच्या आत गाठला जातो. तासाला एकदा झाला, तर ११ वर्षं लागतात. हीटरचा भार कमी असल्याने रिले जास्तही टिकतो, पण उगाच टकटक करू देण्यात फायदा नाही.

कोणी कोणता घ्यावा?

आधी हीटर हवा का, हे पाहावं. गोल्डफिशला थंड पाणी मानवतं. मुंबई-कोकणात बऱ्याच टाक्यांना वर्षातले थोडेच दिवस हीटर लागतो. नाशिक-निफाडच्या थंडीत, किंवा २८ ते ३० अंश लागणारे डिस्कस पाळले असतील, तर तो लागतोच.

घरात दिवसभर कोणी ना कोणी असेल, तर बझर असलेला साधा कंट्रोलर पुरेसा आहे. वाचलेल्या पैशांत दुसरा लहान हीटर आणि वेगळा थर्मामीटर येतो. घर तासन्‌तास बंद राहत असेल, मासे महागडे असतील आणि हाकेच्या अंतरावर किल्ली असलेलं माणूस असेल, तर वायफायचे जादा पैसे सार्थकी लागतात. तो घेताना दोन गोष्टी विचाराव्यात: इंटरनेट गेल्यावरही तापमान सांभाळण्याचं काम पेटी स्वतः करते का आणि पेटीवरच्या बटणांनी सेटिंग बदलता येतं का? यातली बरीच उपकरणं २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायलाच जोडली जातात, हेही लक्षात ठेवावं.

कोणताही घेतला तरी तो २३० व्होल्टचा, अर्थिंग असलेला हवा. पेटी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावी. वायरला सॉकेटखाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न शिरता खाली टपकतं. घराच्या वीजजोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा.

आणि दिवाळीत गावी जाण्याआधी घरी असतानाच चाचणी घ्यावी. प्रोब कोमट पाण्याच्या पेल्यात बुडवून हीटरची वीज तुटते का, बझर किंवा सूचना येते का, हे पाहावं. मग मेन स्विच बंद-चालू करून सेटिंग जागच्या जागी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.