उचलली जीभ, लावली टाळ्याला

आपल्या समाजात फुकट मिळणाऱ्या ज्या थोड्या वस्तू अजून शिल्लक आहेत, त्यांत मताचा क्रमांक पहिला लागेल. घराच्या तुळईला तडा गेला तर आपण मिस्त्रीला बोलावतो, पोटात दुखू लागले तर डॉक्टरांकडे जातो. परंतु भाषा, समाज आणि नीती या तीन विषयांवर निकाल देण्यास मात्र कोणत्याही पूर्वतयारीची गरज नाही, असा सार्वत्रिक समज आहे. बोलता तर सर्वांनाच येते आणि समाजात तर सर्वच राहतात, तेव्हा या विषयांत प्रत्येक जण जन्मजात तज्ज्ञ! लग्नाची पंगत असो, गणेशोत्सवाचा मंडप असो की आगगाडीचा डबा असो, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. बोलणारा हात धुऊन निघून जातो. ऐकणाऱ्याचे पुढे काय झाले, याची विचारपूस करण्यास तो सहसा परत येत नाही.

अशा सहज फेकलेल्या मतांपैकी एकाचाच विचार आज करावयाचे आम्ही योजिले आहे. कारण त्याचा संबंध आपणा सर्व महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांशी आहे. ते मत असे : ‘तुमचे मराठी म्हणजे काही खरे मराठी नव्हे.’ इंदूर-ग्वाल्हेरकडे ते ‘निम्मे हिंदीच’ या शब्दांत ऐकू येते. बडोद्यास गुजराती वळणाचा, बेळगावास कानडी हेलाचा आणि हैदराबादेस दखनीचा उल्लेख होतो. म्हणणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो. बहुधा तो आपलाच मामा, आत्या किंवा नवा व्याही असतो, आणि बोलण्यात गंमत आणण्यापलीकडे त्याचा काही हेतूही नसतो. पण हेतू चांगला असल्याने परिणाम चांगला होतोच असे नाही.

तीसएक वर्षे मुलांच्या सहवासात गेल्यामुळे तो परिणाम आम्हांस जवळून पाहावयास मिळाला आहे. आमच्या शाळेचे माध्यम हिंदी. मराठी घरांतील मुले येथे हिंदीत शिकतात, हिंदीत खेळतात, भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशीही हिंदीतच बोलतात. त्यांच्या मराठीला राहावयास जागा एकच, ती म्हणजे घर. असे नऊ-दहा वर्षांचे मूल सुट्टीत महाराष्ट्रातील नातेवाइकांकडे जाते आणि मोठ्या उत्साहाने सांगते, ‘मामा, पाऊस होऊन राहिला आहे!’ सारे घर हसते, ते वाक्य पुनःपुन्हा म्हणवून घेतले जाते आणि चार दिवस शेजाऱ्यांनाही ऐकविले जाते. पुढल्या वर्षी तेच मूल तेथे हिंदीत बोलते, आणि त्याच्या पुढल्या वर्षी आईलाही हिंदीतच उत्तर देऊ लागते. कोणी त्यास मराठी बोलू नको असे सांगितलेले नसते. त्याने आपल्यापुरते एवढेच ताडलेले असते की, हिंदी बोलले असता कोणी हसत नाही.

पुण्या-कोल्हापुरातील मुलास कोणी हसले, तर त्याच्या मराठीस फारसा धक्का बसत नाही. शाळा, रस्ता, दुकान, मित्र, सारे त्याच भाषेत बोलत असल्याने ती त्याला सोडून जाणार कोठे? आपल्याकडे मात्र घरातला तो एक दरवाजा लोटला गेला की भाषा रस्त्यावर येते, आणि रस्ता तर परभाषेचा. एकाच शेऱ्याचे वजन दोन ठिकाणी असे वेगवेगळे असते. म्हणून आपण काय बोललो, एवढेच पाहून भागत नाही. ते कोणापुढे बोललो, याचीही जबाबदारी बोलणाऱ्यावर येते.

आता ते मत मुळात खरे तरी आहे काय, तेही पाहू. हिंदी मुलखातील मराठी मुले काही ठराविक शब्दांत हमखास सापडतात. ‘मी पुष्कळ चेष्टा केली, पण गणित सुटले नाही’ असे एखादा लिहितो. ‘माझ्या आईने एम. ए. पर्यंत शिक्षा घेतली’ असे एखादी सांगते. कोणी म्हणतो, ‘रस्त्यावर फार यातायात होती.’ हसू येणे स्वाभाविक आहे; कारण मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, शिक्षा म्हणजे दंड आणि यातायात म्हणजे दगदग. परंतु संस्कृत कोश उघडून पाहिला तर काय दिसते? चेष्टा म्हणजे हालचाल, कृती. शिक्षा म्हणजे शिकणे-शिकविणे. यातायात म्हणजे जाणे-येणे. मूळ अर्थाच्या अधिक जवळ हिंदी राहिली आहे आणि दूर गेलो आहोत ते आपण! फारसीतून आलेल्या ‘राजीनामा’ या शब्दाचीही तीच कथा. ‘राजी’ असल्याचे लिहून देणे, म्हणजे तडजोडीचा कागद, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत मात्र माणूस नोकरीस कंटाळला की राजीनामा देतो. मूळ अर्थ सोडणे म्हणजे बिघडणे असे म्हणावयाचे, तर बिघडल्याचा दाखला प्रथम शिष्ट मराठीलाच द्यावा लागेल. वस्तुतः बिघडले कोणीच नाही. शब्द प्रवास करतात आणि प्रवासात त्यांचे अर्थ पालटतात, इतकेच.

‘येऊन राहिलो’, ‘होऊन राहिले’ हे प्रयोग तर विदर्भात, म्हणजे प्रत्यक्ष महाराष्ट्रातच, घरोघरी ऐकू येतात. आणि परक्या शब्दांचाच विटाळ मानावयाचा झाला, तर ज्यांच्या पुण्याचे नाव पुढे केले जाते त्यांचे ‘पेशवा’ हे पदनामच फारसी! कागद, दुकान, बाजार, जमीन हे शब्दही फारसीकडून आले. पगार, चावी, बटाटा आणि पाव पोर्तुगिजांबरोबर आले. अण्णा आणि अक्का कानडीशी नाते सांगतात, आणि वरणभातावरचे तूपही तिकडचेच असल्याचे अभ्यासक मानतात. एवढे सारे पचवून ठणठणीत राहिलेली भाषा इंदूरच्या एका मुलाच्या ‘चेष्टे’ने आजारी पडेल, ही भीती व्यर्थ होय.

लेखनातील शुद्धतेचेही तेच. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले कितीतरी अनुस्वार त्यामुळे गळून पडले. त्यापूर्वी जे अनुस्वार गाळल्याबद्दल गुरुजींची छडी बसे, तेच अनुस्वार दिल्याबद्दल पुढे मुलांचे गुण कापले जाऊ लागले. नियम असू नयेत असे आमचे म्हणणे नाही. शिक्षकाने तसे म्हणून कसे चालेल? नियम ही सोयीसाठी एकमताने ठरविलेली व्यवस्था आहे, आणि ती शिकविलीच पाहिजे. मात्र तिच्यावरून कोणाचे कुल वा संस्कार ठरवू नयेत.

येथे एक शंका निघेल. मग भाषेविषयी कोणी कठोर मत देऊच नये काय? अवश्य द्यावे, पण ते कमावून द्यावे. माधव जूलियन यांचे उदाहरण घ्या. १८९४ मध्ये बडोद्यास जन्मलेले हे कवी फारसीचे प्राध्यापक. मराठीत शिरलेल्या परकीय शब्दांविरुद्ध त्यांनी पुढे मोठा आग्रह धरला. तो सर्वांस पटलाच असे नाही. परंतु आग्रह धरण्यापूर्वी त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश सिद्ध केला होता. ज्या शब्दांना निरोप द्यावयाचा, त्यांची शब्दशः ओळख करून घेण्याचे कष्ट त्यांनी आधी उपसले. अशा मताशी वाद घालण्यातही आनंद असतो. पंगतीत मठ्ठ्याचा घोट घेता घेता दिलेल्या निकालास ती योग्यता कोठून येणार?

आपल्या भागांनी मराठीस काय दिले, हेही त्या निकालात कधी जमेस धरलेले नसते. ज्यांच्या आठवणींचा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ मराठी गद्याचा आरंभ मानला जातो, ते चक्रधरस्वामी महानुभाव परंपरेनुसार गुजरातेतील भडोचचे. राम गणेश गडकरी १८८५ मध्ये जन्मले ते नवसारीस. भास्कर रामचंद्र तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ मध्ये सरफोजीराजांनी भोसले कुळाचा इतिहास कोरविला, तो मराठीत. माळवा-ग्वाल्हेरकडील मुक्तिबोध बंधूंपैकी गजानन माधव हिंदीतील श्रेष्ठ कवी झाले आणि शरच्चंद्र मराठीतील कवी व समीक्षक. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार शरच्चंद्रांना मिळाला. एकाच मराठी घराने दोन भाषांना दोन लेखक दिले. त्या घरात कोणी ‘तुमची भाषा ना धड ही, ना धड ती’ असे म्हणून हसले असते, आणि मुलांनी ते मनावर घेतले असते, तर तोटा कोणाचा झाला असता?

भाषेवरील मत ही नुसती करमणूक नव्हे, हे गोमंतकाने फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा प्रश्न अनेकांनी सहज एका वाक्यात निकालात काढला. पण ज्यांच्या तोंडी ती भाषा होती, त्यांच्या काळजाला ते वाक्य लागत होते. दुसऱ्या बाजूस, ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी पोथी वाचली गेली, त्यांनाही ‘मराठी येथील नव्हेच’ हे वाक्य तितकेच लागत होते. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीस स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. १९८६ च्या अखेरीस राजभाषेच्या आंदोलनात हिंसाचार होऊन माणसांचे प्राण गेले. १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला. हे सारे सहज बोललेल्या वाक्यांमुळेच घडले असे आम्ही म्हणणार नाही. राजकारणाची कारणे खोल असतात. परंतु तशा वाक्यांनी मने आधीच कोरडी करून ठेवलेली असली की ठिणगीस वेळ लागत नाही, एवढे खरे.

आतापर्यंतचे विवेचन वाचून आपल्यापैकी काहींस समाधान वाटले असेल की, चला, महाराष्ट्रातील नातेवाइकांस बरे सुनावले! ते समाधान फार टिकू नये अशी आमची इच्छा आहे. आपल्या शेजारची माळवी किंवा निमाडी ऐकून तिला ‘गावठी’ म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. आणि मराठीचे अधिक नुकसान करणारे मत तर आपल्याच घरात, आपल्याच पाटावर बसून दिले जाते : ‘मराठी शिकून येथे उपयोग काय?’ वडील हे वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणतात, आई पोळ्या लाटता लाटता मान डोलावते, आणि शेजारी अभ्यास करीत बसलेले मूल ते ऐकते. मामाच्या हसण्याने मूल लाजलेले असतेच; वडिलांच्या या वाक्याने त्यास न बोलण्याची परवानगीही मिळते. पंधरा वर्षांनी आजोबांची पत्रे ट्रंकेतून निघतात, तेव्हा ती वाचून दाखविण्यास घरात कोणी नसते. हिशेबी उपयोग कदाचित खरोखरच नसेल; पण आजी ज्या भाषेत काळजी करते ती भाषा नातवास कळणे, याचा हिशेब कोणत्या वहीत मांडावयाचा?

महानुभावांची एक कथा येथे आठवते. केशोबास हे संस्कृतचे पंडित. त्यांनी ग्रंथरचना संस्कृतात करण्याचे मनात आणले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस थांबविले. संस्कृतात लिहिल्यास पंथातील साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील, असा त्यांचा आशय होता. पंडितास काय शोभेल याआधी, दुबळ्यातल्या दुबळ्या श्रोत्याचे काय होईल, हे त्यांनी पाहिले. भाषेविषयी बोलताना यापेक्षा मोठी नीती आम्हांस ठाऊक नाही.

मग करावे तरी काय? मूल चुकले तर दुरुस्ती अवश्य करावी. पण हसून नव्हे, आणि चारचौघांत तर नव्हेच. ‘पाऊस होऊन राहिला आहे’ असे ते म्हणाले, तर ‘हो रे, चांगला जोराचा पडतो आहे!’ असे उत्तर द्यावे. योग्य रूप कानावर पडते आणि संभाषणही तुटत नाही. शेरा मारण्याची फारच हौस असेल, तर शेऱ्याबरोबर वर्षभर दर रविवारी त्या मुलास अर्धा तास गोष्ट वाचून दाखविण्याचे कामही अंगावर घ्यावे. एवढी अट घातली, तर पुष्कळ मते ओठांतल्या ओठांतच विरतील असा आमचा कयास आहे. आणि पाहुण्यांपैकी कोणी हसलेच, तर घरातील वडीलधाऱ्यांनी संकोच न करता म्हणावे, ‘आमच्याकडे असेच बोलतात.’ त्या तीन शब्दांनी मुलाची बाजू कोणीतरी घेतली, हे त्यास कळते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. तो दर्जा भाषेच्या प्राचीनतेचा आहे. तिचे पुढील आयुष्य मात्र दिल्लीच्या निर्णयाने ठरणार नाही. घरातील मूल उद्या सकाळी आईशी कोणत्या भाषेत बोलते, यावर ते ठरेल. ते मूल अडखळत का होईना, मराठीत बोलावयाची चेष्टा करीत आहे, हिंदीच्या अर्थाने आणि संस्कृतच्याही. आपण त्याची मराठी अर्थाने चेष्टा न करणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.