पाटी बदलली, गाडी तीच!

विलायतेचे राजकारण मराठी वाचकाला एके काळी फार सोपे वाटत असे. त्याचे श्रेय मराठी वृत्तपत्रांनी रूढ केलेल्या दोन शब्दांना दिले पाहिजे. एक हुजूर पक्ष आणि दुसरा मजूर पक्ष. एक गादीवर बसणाऱ्यांचा, दुसरा घाम गाळणाऱ्यांचा. यमकही जुळले आणि नागरिकशास्त्राचा धडाही पाठ झाला. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याला तर ‘हुजूर’ म्हणजे काय हे शब्दकोशात पाहण्याची गरजच नव्हती. अहमदपूरसारख्या तालुक्याच्या गावी मास्तरांनी फळ्यावर हे दोन शब्द लिहिले की ब्रिटिश पार्लमेंट निम्मे समजून जाई. उरलेले निम्मे समजले नाही तरी परीक्षेत अडत नसे.

तो फळा आता पुसला गेला आहे. ४ जुलै २०२४ रोजी ब्रिटनमध्ये झालेल्या निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे ३४ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या ४११. रिफॉर्म यूके नावाच्या नव्या पक्षाला १४ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या अवघ्या पाच. त्याहून कमी, म्हणजे १२ टक्के मते घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या पदरात मात्र ७२ जागा पडल्या. हे त्रैराशिक कोणत्याही गणिताच्या शिक्षकाला सुटण्यासारखे नाही. तथापि ते पाहून महाराष्ट्राने हसावे, अशी महाराष्ट्राची स्थिती नाही. २०२२ ते २०२४ या काळात एका शिवसेनेच्या दोन शिवसेना आणि एका राष्ट्रवादी काँग्रेसच्या दोन राष्ट्रवादी काँग्रेस झालेल्या ज्याने पाहिल्या, त्याने शेजाऱ्याच्या घरातील गोंधळाबद्दल बोलताना आवाज थोडा खालीच ठेवलेला बरा.

योगायोग असा की, दोन्ही घरांतील गोंधळ एकाच वेळी चालू होता. उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला तो २९ जून २०२२ रोजी. बोरिस जॉन्सन यांनी पायउतार होण्याची घोषणा केली ती त्याच वर्षी ७ जुलैला. त्यांच्या मागून आलेल्या लिझ ट्रस अवघे ४९ दिवस पंतप्रधान राहिल्या. लंडनच्या एका वृत्तपत्राने तर लेट्यूस नावाच्या भाजीचा गड्डा कॅमेऱ्यापुढे मांडून ठेवला आणि आधी कोण कोमेजते ते पाहण्याचे आवाहन वाचकांना केले. गड्डा टिकला, सरकार टिकले नाही! २०१९ साली निवडून आलेल्या ब्रिटिश पार्लमेंटने तीन पंतप्रधान पाहिले. २०१९ सालीच निवडून आलेल्या महाराष्ट्र विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले. फरक इतकाच की, तिकडे घोडा एकच राहिला आणि स्वार बदलत गेले. इकडे स्वार, घोडा आणि तबेला असे तिन्ही बदलले.

सातबारा आणि इतर हक्क

महाराष्ट्रातील ही पक्षफूट परक्या माणसाला समजावून सांगणे कठीण. परंतु मराठवाड्यातील शेतकऱ्याला ती समजावून सांगावीच लागत नाही. ती सरळ घरची वाटणी आहे. थोरल्याने म्हणावे, घर माझे; धाकट्याने म्हणावे, नाव माझे; आणि दोघांनी तलाठ्याच्या दारात उभे राहावे. येथे तलाठ्याची भूमिका निवडणूक आयोगाने केली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण यांचा फेरफार एकनाथ शिंदे यांच्या गटाच्या नावे झाला. दुसऱ्या गटाच्या हाती मशाल उरली. ६ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले. पक्ष ज्यांनी १९९९ मध्ये स्थापन केला त्या शरद पवारांच्या गटाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, घड्याळ वापरा, पण हे चिन्ह न्यायप्रविष्ट आहे असे जाहिरातीत छापा. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा चढवावा तसाच हा प्रकार झाला.

हे सारे आताच घडू लागले, अशी हळहळ जुनी माणसे व्यक्त करतात. तिला इतिहासाचा आधार नाही. १९७८ साली रेड्डी काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस या दोन काँग्रेस निवडणुकीत एकमेकींविरुद्ध लढल्या आणि निकालानंतर एकाच मंत्रिमंडळात जाऊन बसल्या. एकीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, दुसरीचे नाशिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. हा संसार चार-साडेचार महिने चालला. १८ जुलै १९७८ रोजी त्याच मंत्रिमंडळातून बाहेर पडलेले शरद पवार पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांनी जो धडा घालून दिला, तोच धडा पंचेचाळीस वर्षांनी, २ जुलै २०२३ रोजी, घरच्याच विद्यार्थ्याने त्यांना म्हणून दाखविला.

अहमदपूरचा धडा

हे राजकारण नीट शिकावयाचे असेल तर मुंबईला जाण्याचे कारण नाही. अहमदपूरच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहिले तरी पुरे. तेथे एखादी गाडी ‘लातूर’ अशी पाटी लावून येते. वाहक ती पाटी काढतो, ‘नांदेड’ अशी दुसरी लावतो आणि तीच गाडी, त्याच चाकांवर, उलट दिशेने निघते. यात कोणाची फसवणूक झाली असे कोणी म्हणत नाही. पाटी न वाचता जो चढला तो मात्र शिरूर ताजबंदऐवजी लोह्याला पोचतो.

अहमदपूर विधानसभा मतदारसंघाचा अलीकडचा इतिहास या पाट्यांचाच आहे. २००९ साली येथून बाबासाहेब पाटील निवडून आले ते राष्ट्रीय समाज पक्षाचे उमेदवार म्हणून. २०१४ साली ते राष्ट्रवादी काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि अपक्ष विनायकराव पाटील यांनी त्यांचा पराभव केला. २०१९ साली अपक्ष राहिलेले विनायकराव भारतीय जनता पक्षाच्या कमळावर लढले आणि घड्याळावर लढणारे बाबासाहेब विजयी झाले. २०२४ साली पुन्हा हेच दोघे समोरासमोर आले. बाबासाहेबांकडे घड्याळ होते, पण ते आता कमळाच्या शेजारी टांगलेले होते. आणि कालपर्यंत कमळ मिरविणारे विनायकराव शरद पवारांच्या पक्षाची तुतारी फुंकीत होते. बाबासाहेब विजयी झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये राज्याचे सहकारमंत्रीही झाले. चार निवडणुका, दोन तेच प्रतिस्पर्धी आणि पाच पाट्या! पाचवी पाटी ‘अपक्ष’ ही. म्हणजे पाटी नसलेली गाडी.

यात या दोघांचेच काही विशेष आहे असे नाही. त्यांची नावे बदलून महाराष्ट्रातील कोणत्याही मतदारसंघाची नावे घातली तरी गोष्ट फारशी बदलणार नाही. अशा वागण्याला थोरामोठ्यांचाही आधार सापडतो. विन्स्टन चर्चिल १९०४ साली हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांच्या बाकांवर जाऊन बसले आणि १९२४ साली हुजूर पक्षाच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री म्हणून परतले. मतदाराला हे कळत नाही असे समजणाराच भाबडा. अहमदपूरचा मतदार पक्ष वाचीत नाही, माणूस वाचतो. रात्री-अपरात्री दवाखान्यात कोण येतो, जळालेले रोहित्र कोणाच्या एका फोनवर बदलून मिळते, लेकीच्या लग्नात अक्षता टाकायला कोण हजर असतो, याचा हिशेब त्याच्या मनात पक्का असतो. त्या हिशेबात पक्षाचे नाव हे पाकिटावरील पत्त्यासारखे असते. माणूस राहायला जाईल तिकडे पत्ता बदलतो.

तुतारी आणि पिपाणी

पण मग पाटीला काहीच अर्थ नाही काय? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीने या प्रश्नाचे उत्तर दिले. मतदानयंत्रावर ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होता, तसेच अपक्षांच्या वाट्याला आलेले एक विलायती वाद्यही होते. लोक त्याला पिपाणी म्हणतात. यादीत मात्र त्याचे मराठी नाव ‘तुतारी’ असेच छापले गेले. सातारा मतदारसंघात तुतारीचा पराभव ३२,७७१ मतांनी झाला. पिपाणीला तेथे ३७,०६२ मते पडली होती. दिंडोरीत शरद पवारांच्या पक्षाचे उमेदवार भास्कर भगरे हे पेशाने शिक्षक. तेथे पिपाणीचा उमेदवारही भगरेच! त्याला एक लाखाहून अधिक मते पडली. भगरे गुरुजी तरीही निवडून आले, हे शिक्षकी पेशाचे पुण्य. भाषांतराच्या एका ढिलाईने किती उलथापालथ होऊ शकते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण भाषेच्या शिक्षकाला मिळणार नाही.

इंग्रजांनाही हा अनुभव येऊन गेला आहे. १९९४ सालच्या युरोपीय पार्लमेंटच्या निवडणुकीत डेव्हन आणि पूर्व प्लिमथ येथे एका गृहस्थाने स्वतःला ‘लिबरल’ऐवजी ‘लिटरल डेमोक्रॅट’ म्हणवून घेतले आणि १०,२०३ मते मिळविली. खरा लिबरल डेमोक्रॅट उमेदवार अवघ्या ७०० मतांनी पडला. ब्रिटनने त्यावरून बोध घेतला आणि १९९८ साली पक्षांच्या नावांची नोंदणी करणारा कायदा केला. अर्थ स्पष्ट आहे. साक्षरांचा देश असो वा निरक्षरांचा, लाखो माणसे पाटी पाहूनच मत देतात. ज्या पाटीवर इतक्यांचा विश्वास आहे, ती पाटी इतक्या सहज काढण्यालावण्याची वस्तू असावी काय, हा खरा प्रश्न आहे.

कायद्याने तो सोडविण्याचा प्रयत्न केला. १९८५ साली राजीव गांधींच्या सरकारने पक्षांतरबंदी आणली. तीत एक-तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर ती फूट क्षम्य मानली होती. एकट्याने पळालास तर गुन्हा, टोळीने पळालास तर तत्त्व! २००३ साली ही सवलत काढून दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची अट तेवढी ठेवली. त्यावर नवी युक्ती निघाली: पक्ष सोडावयाचाच नाही, पक्ष आपलाच आहे असे म्हणावयाचे. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. तेथे खासदार पक्ष बदलूनही जागा राखू शकतो. तथापि २०१४ साली हुजूर पक्ष सोडणाऱ्या दोन खासदारांनी राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढविली आणि जिंकली. उलट २०१९ च्या फेब्रुवारीत मजूर आणि हुजूर पक्षांतून फुटून नवा गट काढणाऱ्या अकरांनी जागा सोडल्या नाहीत. त्या डिसेंबरात त्यांपैकी एकही निवडून आला नाही. कायद्याला जे जमले नाही, ते तेथे मतदाराने केले.

मत कोणाकडे जमा?

अहमदपूर-चाकूरच्या शेतकऱ्याला हा प्रश्न पुस्तकी वाटू नये, कारण त्याचे सोयाबीन त्यात अडकले आहे. २०२४ च्या हंगामात केंद्राचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढाही मिळत नव्हता. नोव्हेंबरात निवडणूक आली आणि प्रचारसभांतून, अडत्याच्या ओट्यावर बोली चढावी तशी, बोली चढली. एका बाजूने सहा हजार, दुसऱ्या बाजूने सात हजार! माल होता शेतकऱ्याचा, बोली लावीत होते ज्यांना तो विकत घ्यावयाचा नव्हता ते. पुढच्या, म्हणजे २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेला हमीभाव ५,३२८ रुपये निघाला.

आता शेतकऱ्याने जाब विचारावा कोणाला? माणसाला विचारावे तर माणूस म्हणतो, ते पक्षाचे धोरण. पक्षाला विचारावे तर पक्षाचे दोन झालेले. आणि चिन्हाला विचारावे तर ते न्यायप्रविष्ट. माणूस पाहून मत देण्यात शहाणपण आहे. पण एक माणूस रोहित्र बदलून देऊ शकतो, सोयाबीनचा भाव बदलून देऊ शकत नाही. त्यासाठी पक्ष लागतो, त्याचा जाहीरनामा लागतो आणि पाच वर्षांनी तो जाहीरनामा ज्याच्या तोंडावर धरता येईल असे एक न बदललेले तोंड लागते. पाट्यांच्या खेळात हरवते ते हेच. सत्ता कोणाला तरी मिळतेच; जबाबदारी मात्र बेवारस सामानासारखी स्थानकावर पडून राहते.

यावरचा उपाय अहमदपूरच्या अनुभवी प्रवाशाला केव्हाच सापडला आहे. तो पाटी वाचतो, पण तेवढ्यावर विसंबत नाही. दारात एक पाय ठेवून तो वाहकाला विचारतो, “ही गाडी नेमकी कुठं जायलीय?” उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा पाय उचलत नाही. आणि एकदा तिकीट घेतले की ते प्रवास संपेपर्यंत खिशात जपून ठेवतो. कारण मध्येच पाटी बदललीच, तर आपण कुठले भाडे भरले होते हे दाखवायला त्याच्याजवळ तेवढा एकच पुरावा असतो.