खाण पाहिली, वस्ती कुठं आहे?

चंद्रपूरकडच्या माणसाला कोळसा पाहायला मुद्दाम कुठं जावं लागत नाही. सकाळी दोरीवर घातलेली पांढरी चादर संध्याकाळी काढताना तो दिसतोच. पण खाण दिसत नाही. चालू खाणीत लहान मुलांना कोण सोडणार? म्हणून काही वर्षांपूर्वी चौथीतल्या नातीला घेऊन मी नागपूरजवळच्या सावनेरला गेलो. वेस्टर्न कोलफील्ड्सनं 2016 साली राज्याच्या पर्यटन महामंडळाशी करार करून खाण-पर्यटनाचा उपक्रम आखला, त्यातलं हे एक ठिकाण. तिथल्या उद्यानात भूमिगत खाणीची प्रतिकृती आहे. नात ती पाहून हरखली. बाहेर आल्यावर मात्र तिनं विचारलं, "आबा, इथं काम करणारी माणसं राहायची कुठं? त्यांची मुलं कुठल्या शाळेत जायची?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर मला ठाऊक होतं, पण ते बोगद्याच्या प्रतिकृतीत मावणारं नव्हतं.

1980च्या दशकाच्या अखेरीस मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा वसाहतीत बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. पगाराच्या दिवशी काउंटरसमोरच्या रांगेत बिलासपूरकडची छत्तीसगढी, करीमनगरकडची तेलुगू, बिहारची हिंदी आणि आपली झाडीबोली एकाच वेळी ऐकू येई. बरेचजण अंगठा लावणारे. शाईच्या पॅडवर कितीही दाबला तरी ठसा नीट उमटत नसे. कातडी झिजलेली आणि भेगांमध्ये कोळसा बसलेला. सही न येणाऱ्या खातेदाराच्या पासबुकावर फोटो लावायचा नियम होता. त्या फोटोसाठी माणूस ठेवणीतला सदरा घालून येई. कित्येक घरांत तेवढा एकच फोटो असायचा, आणि पुढे भिंतीवर हार घालून लागायचा तोही तोच.

खाणीच्या तोंडाशी दिव्यांची खोली असे. टोपीवरच्या प्रत्येक दिव्याला क्रमांक, आणि त्याच क्रमांकाचा एक बिल्ला. पाळी संपल्यावर दिवा परत आला, की माणूस वर आला असं समजायचं. एखादी खुंटी रिकामी राहिली, की तिच्या क्रमांकावरून शोध सुरू होई. हे आम्हा बँकवाल्यांच्या हिशेबासारखंच होतं. फरक एवढाच, की आमचा ताळा चुकला तर रात्री उशिरापर्यंत बसावं लागे. इथं ताळा चुकला तर भोंगा वाजे. अवेळी भोंगा वाजला, की वसाहतीतल्या साऱ्या बायका दारात येऊन उभ्या राहत. कुणी कुणाशी बोलत नसे.

या बायकांची कहाणी वेगळीच. 1952च्या खाण कायद्यानं स्त्रियांना भूमिगत काम बंद होतं. वरच्या कामावर मात्र रेजा म्हणून त्या राबत. 2019 साली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामासाठी स्त्रियांना खाली उतरण्याची मुभा मिळाली. पण कोळशाच्या सिगडीवर सकाळच्या पाळीचा डबा पहाटे करून देणारी बाई कुठल्याच नोंदवहीत आली नाही. दसऱ्याच्या आधी तेलुगू बायका बतकम्मा मांडून फेर धरत, आणि शेजारची मराठी बाई हळूच त्यात शिरे. चैत्रात महाकालीच्या जत्रेला सारी वसाहत एकत्र जाई.

हे सगळं कालपरवाचं आहे असंही नाही. 1870च्या दशकात वरोऱ्याला सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वे आली. पुढं बल्लारपूर, लालपेठ, घुग्घुस, माजरी. 1973 साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. आता भूमिगत खाणी एकेक करून मिटत चालल्यात आणि उघड्या खाणी वाढताहेत. दिव्यांची खोली, बिल्ला, पाळीचा भोंगा हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत ती माणसं सत्तरी-ऐंशीत पोचली आहेत.

जपानमध्ये यामामोतो साकुबेई नावाचा खाणकामगार होऊन गेला. लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेल्या या माणसानं साठी ओलांडल्यावर हातात कुंचला घेतला. नातवंडांना कळावं, म्हणून त्यानं खाणीत वाकून काम करणारी जोडपी, वसाहतीतलं न्हाणं, तिथल्या चालीरीती अशी शेकडो चित्रं काढली. चित्रकलेचं शिक्षण नव्हतं. 2011 साली युनेस्कोनं ती चित्रं जगाच्या स्मृतीच्या यादीत घेतली. जपानची त्या यादीतली ही पहिली नोंद. ती तागावा शहराच्या कोळसा संग्रहालयात आहेत. वेल्समधल्या ‘बिग पिट’ची खाण 1980 साली बंद पडली आणि 1983 साली तिचं संग्रहालय झालं. तिथं पूर्वीचे खाणकामगारच पाहुण्यांना खाली घेऊन जातात.

आपल्याकडे जपण्याची हौस नाही असं नाही. चंद्रपुरातच प्रा. सुरेश चोपणे यांनी खडक आणि जीवाश्मांचं संग्रहालय उभं केलं आहे. ज्या झाडांचा आपला कोळसा झाला, ती पंचवीस कोटी वर्षांहून जुनी. त्या काळाचे दगड जपले गेले, तर चाळीस वर्षांपूर्वीचा बिल्लाही जपता येईल.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याला पडतोच. 2009 सालापासून कोळसा खाणींना बंद करण्याचा आराखडा आधीच द्यावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात रक्कम ठेवावी लागते. जमीन भरणं, झाडं लावणं अशी कामं त्यातून व्हायची असतात. त्याच आराखड्यात बंद खाणीच्या दिव्यांच्या खोलीची डागडुजी आणि एक कपाट एवढं मावणार नाही का?

गडचिरोलीकरांनी तर आत्ताच सुरुवात करावी. एटापल्ली तालुक्यात सुरजागडला लोखंडाची खाण सुरू आहे. तिथली गावं, बोली, येणारी परकी माणसं यांची नोंद आज करायला फक्त वही-पेन लागेल.

चंद्रपूर, बल्लारपूरच्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी अजून एखादा पितळी बिल्ला असेल, पोचा आलेला डबा असेल, अंगठ्याचं पासबुक असेल. रविवार आहे, घरात मंडळी आहेत. ती ट्रंक काढा. वस्तू कुणाची, कुठल्या खाणीतली, कोणत्या साली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधून ठेवा. संग्रहालय होईल तेव्हा होईल. चिठ्ठीवर नाव घालायला सांगणारं माणूस आज घरात आहे.