निवृत्तीच्या तोंडावर निघालेली वसुली

सरकारी कर्मचाऱ्याला नियमापेक्षा जास्त वेतन किंवा निवृत्तिवेतन दिले गेले, तर त्या जादा रकमेला कार्यालयात ‘अतिप्रदान’ म्हणतात. ते परत मागणारा आदेश बहुधा फार उशिरा निघतो. सेवेचे शेवटचे काही महिने उरलेले असतात, किंवा कर्मचारी निवृत्त होऊन उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, रकमेची वाट पाहत असतो. मुलीचे लग्न, घराचे कर्ज, आजारपण या सगळ्याचा हिशेब त्या रकमेवर बांधलेला असतो, आणि नेमकी तीच रक्कम अडकते.

उशिराचे कारण कार्यालयाच्या कामकाजात आहे. वेतन आयोग लागू झाला, पदोन्नती मिळाली किंवा वरची वेतनश्रेणी मिळाली की वेतननिश्चिती होते आणि तिची नोंद सेवापुस्तकात होते. ती बरोबर आहे की नाही हे महाराष्ट्रात वेतन पडताळणी पथक तपासते. प्रत्येक वेतननिश्चितीनंतर सेवापुस्तक वेळच्या वेळी पथकाकडे गेले, तर चूक वर्ष-दोन वर्षांत सापडते. प्रत्यक्षात अनेक कार्यालयांत ती सेवापुस्तके कपाटातच राहतात आणि निवृत्तिवेतनाचे प्रकरण महालेखापालांकडे पाठवायची वेळ आली की बाहेर निघतात. मग २००६ पासून लागू झालेल्या सहाव्या वेतन आयोगातली चूक २०२० नंतर उघडकीस येते.

चुकांचे प्रकार ठरलेले आहेत. आश्वासित प्रगती योजनेचा लाभ चुकीच्या तारखेपासून दिला जातो. विहित मुदतीत संगणक परीक्षा किंवा भाषा परीक्षा उत्तीर्ण नसतानाही वेतनवाढ चालू राहते. आदिवासी किंवा नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना मिळणारी एकस्तर वेतनश्रेणी त्या भागातून बदली झाल्यावरही थांबवली जात नाही. यांपैकी बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्याने काहीच मागितलेले नसते. लिपिकाने आकडा लिहिला, कार्यालयप्रमुखाने सही केली, कोषागाराने देयक मंजूर केले, आणि पगार खात्यात जमा होत राहिला.

रक्कम एवढी का फुगते, तेही समजून घ्यायला हवे. मूळ वेतनात महिन्याला ५०० रुपये जास्त लागले, तर बारा वर्षांत तेवढ्याचेच ७२,००० रुपये होतात. महागाई भत्ता आणि घरभाडे भत्ता मूळ वेतनावर मोजले जातात, त्यामुळे तेही वाढलेले असतात. पुढच्या वेतनवाढी त्याच चुकीच्या पायावर मिळतात. त्यानंतरच्या वेतन आयोगात आधीचे वेतन गुणकाने वाढते, तेव्हा चूकही त्याच पटीने वाढते.

आता कायद्याची बाजू. चुकून दिलेला पैसा जनतेचा आहे आणि तो परत घेण्याचा अधिकार सरकारला आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये उत्तराखंडातील एका प्रकरणात ठामपणे मांडले. त्याआधीच्या काही निकालांत कर्मचाऱ्याचा दोष नसेल तर वसुली नको, असे म्हटलेले होते. या दोन भूमिकांचा मेळ घालणारा निकाल १८ डिसेंबर २०१४ रोजी आला. ‘पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह’ हे त्याचे नाव. आजही वसुलीच्या प्रत्येक प्रकरणात पहिला आधार त्याचाच घेतला जातो.

कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसेल, खोटी माहिती दिलेली नसेल, तर कोणत्या परिस्थितीत वसुली करता येणार नाही हे या निकालाने सांगितले. वर्ग तीन आणि वर्ग चारच्या, म्हणजे गट क आणि गट डच्या कर्मचाऱ्यांकडून वसुली करता येत नाही. निवृत्त झालेल्यांकडून, किंवा वसुलीच्या आदेशापासून एका वर्षात निवृत्त होणाऱ्यांकडूनही नाही. आदेश निघण्यापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली जात असेल, तरी नाही. एखाद्याला चुकीने वरच्या पदाचे काम करायला लावले आणि त्या पदाचे वेतन दिले, तर ते परत मागता येत नाही. शेवटी न्यायालयाने एक दार मोकळे ठेवले. सरकारच्या हक्काच्या तुलनेत कर्मचाऱ्यावर होणारा अन्याय फार मोठा आहे असे दिसले, तर अन्य प्रकरणांतही वसुली रोखता येते. तलाठी, पोलीस शिपाई, लिपिक, प्राथमिक शिक्षक, आरोग्य सेविका यांतले बहुसंख्य लोक पहिल्याच संरक्षणात बसतात. केंद्र सरकारनेही २ मार्च २०१६ च्या कार्यालयीन ज्ञापनाने आपल्या विभागांना हा निकाल पाळण्यास सांगितले.

या संरक्षणामागचा विचार योग्य आहे. गट डच्या कर्मचाऱ्याचा पगार महिनाअखेर संपतो. त्यात चार-पाचशे रुपये जास्त आले तर ते डाळ-तांदळात जातात, शिल्लक पडत नाहीत. पडताळणी वेळेवर करणे हे कार्यालयाचे काम आहे. ते न केल्याचा भुर्दंड शिपायाने म्हातारपणी भरावा, हे न्यायाला धरून नाही.

अडचण येते ती हमीपत्राची. सुधारित वेतनश्रेणीचा विकल्प देताना कर्मचाऱ्याकडून लिहून घेतात की, वेतननिश्चिती चुकीची ठरली तर जादा रक्कम परत करीन. जुलै २०१६ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, असे हमीपत्र देणारा त्याला बांधील आहे. निवृत्तांचे संरक्षण तिथे लागू होत नाही. मात्र तो कर्मचारी न्यायिक अधिकारी होता, आणि वसुली हप्त्यांत, दोन वर्षांत करण्यास न्यायालयाने सांगितले होते. वर्ग तीनच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणे वेगळी आहेत, असे मुंबई उच्च न्यायालयाने आणि महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने पुढे अनेकदा मानले. वेतननिश्चितीच्या वेळी दिलेले हमीपत्र आणि निवृत्तीच्या वेळी कागद अडवून घेतलेले हमीपत्र यांत त्यांनी फरक केला आहे. त्यामुळे हमीपत्रावरची तारीख आणि ते कोणत्या लाभासाठी दिले होते, या दोन गोष्टी निर्णायक ठरतात. सहाव्या आयोगाच्या वेळचे हमीपत्र एकस्तर वेतनश्रेणीच्या वसुलीला आपोआप लागू पडत नाही.

आणखी एक मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही. रफिक मसीह निकाल मागची वसुली रोखतो. चूक दुरुस्त करायला तो अडवत नाही. कार्यालय वेतन नव्याने निश्चित करू शकते, आणि निवृत्तिवेतन त्या कमी झालेल्या वेतनावर ठरते. म्हणून वेतननिश्चिती मुळात चुकीची होती का, हा प्रश्न वसुलीहून मोठा आहे. पथकाचा आक्षेप दर वेळी बरोबर असतोच असे नाही. वसुली थांबली म्हणून समाधान मानून चुकीची नवी वेतननिश्चिती मान्य केली, तर आयुष्यभर कमी निवृत्तिवेतन मिळते.

महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ सरकारला निवृत्तिवेतनातून अतिप्रदान वसूल करण्याचा अधिकार देतो. पण त्याच नियमात दोन अटी आहेत: निवृत्तिवेतनधारकाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यायला हवी, आणि हप्ते असे हवेत की निवृत्तिवेतन किमान मर्यादेखाली जाणार नाही. नोटीस न देता थेट उपदानातून रक्कम वळती केली, तर ही पहिली अटच मोडली जाते.

आदेश हाती आला की घाईने संमती लिहून देऊ नये. ‘आता भरून टाका, नाहीतर प्रकरण पुढे जाणार नाही’ असा तोंडी दबाव नेहमीचा आहे, आणि त्याला बळी पडून दिलेली संमती पुढे महागात पडते. कार्यालयाकडे लेखी मागावे: कोणता नियम मोडला, कोणत्या तारखेपासून, महिनावार तक्ता, पथकाचा शेरा, सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती आणि हमीपत्र असेल तर तेही. मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्कासह अर्ज करता येतो. उत्तराची मुदत ३० दिवस आहे. तक्ता हातात आला की बेरीज स्वतः तपासावी. कधी थकबाकी दोनदा धरलेली असते, कधी कार्यालयाकडूनच येणे निघते. त्यानंतर मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. त्यात आपला गट, निवृत्तीची तारीख, वसुलीचा कालावधी, आपण कोणतीही चुकीची माहिती दिली नव्हती ही बाब, आणि वादात नसलेले उपदान तरी सोडावे ही मागणी, एवढे असले म्हणजे पुरे. पोच घ्यायला विसरू नये.

कार्यालयाने ऐकले नाही, तर राज्य सरकारी कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे ‘मॅट’ आहे. त्याची मुख्य बैठक मुंबईत असून नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठे आहेत. १९८५ च्या कायद्यानुसार अंतिम आदेशापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांचे शिक्षक मॅटच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ही मदत उत्पन्नाची अट न लावता मिळते. लढाई लांबू शकते, हे मात्र धरून चालावे. केरळातील एका शिक्षकाविरुद्धची वसुली सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वीसहून अधिक वर्षे झाली होती.

बँकेकडून होणारी वसुली थोडी निराळी आहे. कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन पहिली काही वर्षे वाढीव दराने मिळते आणि ठराविक मुदतीनंतर सामान्य दरावर येते. ही तारीख नजरेतून सुटली की वाढीव दर चालूच राहतो, आणि पुढे कधीतरी त्या वृद्ध महिलेच्या खात्यातून कपात सुरू होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२० मध्ये केंद्राच्या एका वयोवृद्ध निवृत्त कर्मचाऱ्याच्या प्रकरणात बँकेने केलेली कपात बेकायदा ठरवली. निवृत्तिवेतन ही धारकाची मालमत्ता आहे आणि बँक तिची विश्वस्त आहे, असे न्यायालयाने म्हटले. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होते त्याच दिवशी मंजुरी आदेशातली वाढीव दराची शेवटची तारीख पाहून ठेवावी आणि ती जवळ आली की बँकेला किंवा कोषागाराला लेखी कळवावे. कळवल्याची पोच जवळ असली, तर नंतर निघणाऱ्या वसुलीत त्या महिलेने काही लपवले असे कोणालाही म्हणता येत नाही.