एकाआड एक

पहाटे 4:10
कोथरूड. बंद दुकानाच्या पायऱ्यांवर पेपरचे गठ्ठे पडलेत. आज रविवार, म्हणून पुरवण्या जास्त. दादा स्कूटरवरून दोन पुडकी उतरवतात. पाण्याच्या टाक्या धुण्याचा त्यांचा धंदा. प्रत्येक पुडक्यात हजार पत्रकं. कागद तोच, शाई तीच, भावही तोच: हजार लिटरच्या टाकीला 700 रुपये. फरक वरच्या ओळीत. एकावर ‘स्वच्छ टाकी, निरोगी कुटुंब’. दुसऱ्यावर ‘तुमची टाकी शेवटची कधी धुतली?’ खालचे फोन नंबर वेगळे.

पहिली ओळ दादांची लाडकी. अर्ध्या रात्री उठून लिहून ठेवली होती म्हणे.

4:30
पायरीवर मांडी घालून ते पत्रकं लावायला घेतात. एक हे, एक ते, एक हे. शेजारी ओला स्पंज, बोटं भिजवायला. मीही हात लावतो. माझी शंभरातच दोनदा चूक होते, दोन कागद चिकटून निघतात. दादा न बोलता माझा गठ्ठा ओढून परत लावतात.

एवढा खटाटोप कशाला? गेल्या खेपेला एक पत्रक डहाणूकर कॉलनीत टाकलं, दुसरं भुसारी कॉलनीत. ओळ चालली की कॉलनी, कळेना. आता एकाच जिन्यावर समोरासमोरच्या दारांत वेगवेगळी पत्रकं पडतात. अमेरिकेत पूर्वी वर्तमानपत्रं छापतानाच एकाआड एक प्रतीत दोन जाहिराती घालत, आणि कुठल्या जाहिरातीची कुपनं जास्त परत येतात ते मोजत. जाहिरातकार क्लॉड हॉपकिन्सने 1923 सालच्या पुस्तकातच कुपनं मोजण्यावर भर दिला. दादांना हॉपकिन्स माहीत नाही. मानेला रग मात्र लागलीय.

5:20
मुलं पेपरात पत्रकं सरकवतात. इतक्या झरझर की बोटं दिसत नाहीत. पत्रकामागे 50 पैसे. हजार रुपये रोख मोजून दिले. छपाईचे 1600 आधीच गेलेत. एकेक चहा.

8:05
दादांच्या घरी पहिला फोन. वहिनींचे हात कणकेत. कोपराने स्पीकर लावतात. एकाच फोनमध्ये दोन सिम आहेत, कुठला वाजला ते बघून वहीत रेघ. आधी एक नंबर दादांचा होता, एक वहिनींचा. वहिनींच्या पत्रकाला कामं जास्त मिळाली. दादा महिनाभर त्या ओळीवर खूश होते. मग कळलं, ओळीत काही नव्हतं; दादा फोनवर ‘हं, बोला’ एवढंच म्हणतात. तेव्हापासून दोन्ही फोन वहिनीच घेतात.

10:40
चार मजले, लिफ्ट बंद. पंप, नळी, दोन ब्रश, बादल्या. मदतीचा मुलगा पाण्याची मोटर बंद करून येतो. त्याची हजेरी 600. टाकी उपसली की दादा कंबरेत वाकून आत उतरतात. आत हवा कोंदट, आवाज घुमतो. तळाशी बोटभर गाळ, चॉकलेटी, मऊ. दादा तो खरवडून बादलीत भरतात आणि मुद्दाम घरमालकीणबाईंना दाखवायला नेतात.

“अगं बाई! हे पीत होतो आम्ही?”

दादा बादली खाली ठेवतात. खिशातून पेन काढतात. कागद ओला झालाय. तळहातावर लिहून घेतात.

दुपारी 2:15
जेवताना वही. लाडक्या ओळीला दोन रेघा, प्रश्नाला सात. प्रश्नावर एका आजोबांनी वहिनींना झापलं: “तुम्हाला काय करायचंय?” रेघ त्यांचीही ओढली आहे. ओढावी का, यावर नवराबायकोत वाद झाला. मला विचाराल तर ओढू नये. पण वही त्यांची.

4:00
दुसरी टाकी. वरच्यासारखंच, फक्त ऊन जास्त.

रात्री 8:45
लाडकी ओळ: फोन तीन, कामं दोन. प्रश्न: फोन नऊ, कामं तीन. नऊतले पाच जण नुसता भाव विचारून गेले, जो पत्रकावर छापलेलाच आहे. दादा कामांच्या आकड्याभोवती गोल काढतात.

“एकाच कामाचा फरक,” ते म्हणतात. “पुढच्या रविवारी हीच परत टाकू.”

“आणखी 2600?” वहिनी.

दादा तळहात उघडतात. घासून धुतला तरी अक्षरं आहेत. ‘हे पीत होतो आम्ही?’ वहिनी वाचतात, हसत नाहीत. ही नवी ओळ प्रश्नासमोर लावायची. लाडकी ओळ एवढ्यात काढायची का, यावर दोघं गप्प.

9:10
फोन वाजतो. वहिनी सिम बघतात, रेघ ओढायला पेन उचलतात. पलीकडच्या बाई म्हणतात, पत्रक फ्रिजवर लावलं होतं, मागच्या दिवाळीपासून. पिवळा कागद.

वहिनी बुधवारची वेळ देतात. मग पट्टी घेऊन वहीत तिसरा रकाना आखायला बसतात.